आकडा समोर आला की आधी काय विचाराल?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत मोजला गेलेला पाऊस होता सुमारे ७४ मिलिमीटर. हवामान खात्याच्या हिशेबात ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’ पाऊस धरतात. म्हणजे कुलाब्याचा पाऊस जोरदारच्या पहिल्या पायरीवर होता. मुंबईकराने तशा पावसात छत्री घेऊन ऑफिस गाठलेलं असतं. गिरगावातलं आपलं ठाकूरद्वार कुलाब्याला जवळ आणि सांताक्रूझला लांब. दोन्ही आकडे खरे, दोन्ही सरकारी, दोन्ही मुंबईचेच. तरी ‘त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारा माणूस निम्म्या शहराबद्दल चुकीचं सांगत असतो.

‘कुठे मोजला?’ असं ज्या मुलाला किंवा मुलीला विचारावंसं वाटतं, त्याची किंवा तिची डेटा साक्षरता सुरू झाली. त्यासाठी संगणक लागत नाही, कोर्सही लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘डेटा सायन्स शिका, लाखोंचं पॅकेज मिळवा’ अशा पत्रकांचा गठ्ठा घरात येऊन पडतो आणि आईवडील फीचा आकडा बघून एकमेकांकडे पाहतात. कोर्स जरूर करा, पण नंतर. आधी आकड्याला प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. ती सवय नसली तर महागडं सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर फक्त लवकर आणि रंगीत करून देतं.

सुरुवात क्लासांच्या जाहिरातींपासूनच करू. निकालानंतर जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून चर्नी रोडकडे चालत जा आणि क्लासांचे फलक वाचा. ‘आमच्या ४० विद्यार्थ्यांना ९० टक्क्यांच्या वर!’ छान. पण किती जणांपैकी? पन्नासपैकी चाळीस आणि आठशेपैकी चाळीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढचा प्रश्न जरा टोचणारा आहे: प्रवेश देताना नववीला ८५ टक्क्यांच्या खालच्या मुलांना घेतलं होतं का? हुशार मुलं निवडून घेतली आणि ती हुशारच निघाली, तर त्यात क्लासचं श्रेय किती? पन्नास टक्क्यांच्या मुलाला पासष्टवर नेणारा क्लास माझ्या मते जास्त चांगला. पण त्याचा फलक कुणी लावत नाही.

कॉलेजांच्या ‘सरासरी पॅकेज’चं तेच. समजा दहा मुलांना नोकऱ्या लागल्या. नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४० लाख. सरासरी आली ७ लाख ६० हजार. माहितीपुस्तिकेत हाच आकडा ठळक छापलेला असेल. पण त्या दहांत ७ लाख ६० हजारांच्या आसपास कमावणारा एकही मुलगा नाही. चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा पाहिला तर तो आहे ४ लाख, आणि तुमच्या वाट्याला बहुधा तोच येणार. हे काही नवं ज्ञान नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात ‘सांख्यिकी’ हे प्रकरणच आहे. मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वृत्तालेख सगळं त्यात येतं. परीक्षेत गणितं बरोबर सोडवलेली मुलंही प्रवेश घेताना ‘मध्य सांगताय की मध्यक?’ असं विचारत नाहीत. तेवढंच विचारा. शिवाय नोकरीसाठी नोंदणी केलेल्या मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि एकूण वर्गापैकी किती जणांना, हेही विचारा. पुस्तिकेतली ‘९५ टक्के’ पुष्कळदा पहिल्या संख्येवर मोजलेली असते.

सरासरीवरून आपल्याच दोन मोठ्या माणसांचा वाद आठवतो. तो प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्या घराला परवडत नाही ते गरीब, असा त्यांचा निकष होता. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी पोषणाच्या बाजूने त्यावर बोट ठेवलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले, भारतात शेतीच्या पाहण्यांची नमुना-पद्धत बसवली आणि मग रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम सांभाळलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: कॅलरीची गरज ही सरासरी आहे. धडधाकट माणसांतही पुष्कळांना सरासरीपेक्षा कमी लागतं आणि एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी कसा धरायचा? दांडेकरांचं म्हणणं असं की, गरिबी मोजणं आणि कुपोषण मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रीतसर जेवणाइतका खर्च ज्याला झेपत नाही तो गरीबच. कोण बरोबर, याचा निवाडा इथे करायचा नाही. साताऱ्याच्या मातीतले दोन संख्याशास्त्रज्ञ देशाच्या भुकेसारख्या विषयावर सरासरीची रेघ कुठे ओढायची एवढ्यावरून वर्षानुवर्षं भांडले. त्या रेघेवर कोट्यवधी माणसं इकडची तिकडे होतात. आकड्यांचं काम कोरडं असतं, असं म्हणणाऱ्याला हा वाद वाचायला द्यावा.

आता एक कोडं सोडवू. कागद-पेन घ्या, मोबाइलचं कॅल्क्युलेटर चालेल. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या ३०,८५,४११. मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३,५६,९६२. तक्त्यातली घनता अशी: शहरात चौरस किलोमीटरला १९,६५२ माणसं, उपनगरात २०,९८०. म्हणजे शहरापेक्षा उपनगर दाट! बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान पोटात घेऊनसुद्धा! फणसवाडी, मुगभाट, भुलेश्वर, दोन टाकी या बेटावरच्या गजबजलेल्या वस्त्या पाहिलेला माणूस हे ऐकून हसेल. हसू येणं ही चांगली खूण आहे. आपण रोज पाहतो ते आणि आकडा यांचं जुळत नसेल, तर दोघांपैकी एकात काहीतरी राहून गेलेलं असतं. पण हसून सोडून द्यायचं नाही. शोधायचं.

घनता म्हणजे माणसं भागिले क्षेत्रफळ. माणसांची संख्या ठीक दिसते. मग क्षेत्रफळ पाहा. ३०,८५,४११ ला १९,६५२ ने भागलं की येतात १५७ चौरस किलोमीटर. पण मुंबईचं बेट साधारण ६८ ते ७० चौरस किलोमीटरचं आहे, आणि २००१ च्या तक्त्यात शहर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६९ असंच होतं. गंमत अशी की २०११ मध्ये शहर १५७ आणि उपनगर ४४६ मिळून ६०३, आणि २००१ मध्ये शहर ६९ आणि उपनगर ५३४ मिळूनही ६०३. बेरीज तीच, मधली वाटणी बदलली. ३०,८५,४११ ला ६९ ने भागा, घनता येते ४४ हजार ७०० च्या घरात. म्हणजे उपनगराच्या दुपटीहून अधिक. आता समजा एखाद्याने २००१ च्या जुन्या तक्त्यातली ४८ हजारांची घनता आणि २०११ ची १९ हजारांची घनता शेजारी ठेवून ‘दहा वर्षांत दक्षिण मुंबई निम्म्याहून रिकामी झाली’ असा मथळा दिला, तर दोन्ही आकडे जनगणनेचेच असूनही मथळा साफ खोटा ठरेल. लोकसंख्या खरोखर कमी झाली, पण किती? २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती. म्हणजे घट साडेसात टक्क्यांची.

हा हिशेब तुम्ही पाच मिनिटांत केलात. एवढ्याशा कामाला उद्योगात चांगला पगार देतात, हे खोटं वाटेल, पण खरं आहे. बँकेत, विमा कंपनीत, औषध कंपनीत रोज समोर येणाऱ्या तक्त्यांत अशी ‘भागणारी संख्या’ कुणीतरी गुपचूप बदललेली असते. बहुतेकदा लबाडीने नव्हे, कुणाच्या लक्षात न आल्याने. ती पकडणारा माणूस हवा असतो.

घट साडेसात टक्के म्हटल्यावर गिरगावातल्या कुठल्याही कट्ट्यावर पुढचं वाक्य तयार असतं: ‘मराठी माणूस डोंबिवलीला गेला.’ असेलही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाडीतली चार बिऱ्हाडं गेलेली आपण पाहिली आहेत. पण तक्ता एवढंच सांगतो की माणसं कमी झाली. कोण गेलं, कुठे गेलं, हे सांगत नाही. त्याच दशकात डोंबिवली ज्यात येते तो ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, म्हणजे सुमारे २९ लाखांची वाढ. आपले अडीच लाख सगळेच्या सगळे तिकडे गेले असं धरलं, तरी ती वाढ दहाव्या हिश्शानेही भरत नाही. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे वाक्य पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, स्वतःच्या गल्लीचं उदाहरण घेतलं की शिरतं.

भाषेचा तक्ता वेगळा असतो. त्यात बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे ४५ लाख होते, २०११ मध्ये सुमारे ४४ लाख. हिंदी सांगणारे मात्र सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. या आकड्यांवर टीव्हीवर भरपूर भांडणं झाली. भांडण्याआधी तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. जनगणनेच्या ‘हिंदी’ या खान्यात भोजपुरी, राजस्थानी, मारवाडी अशा पन्नासहून अधिक मातृभाषा एकत्र धरलेल्या असतात. कोकणी मात्र मराठीत धरत नाहीत, तिचा खाना वेगळा. यामुळे आकडा खोटा ठरत नाही. पण तो कशाचा आकडा आहे हे बदलतं. कुठल्या खान्यात कोण बसवलंय, हा प्रश्न नोकरीत तर पदोपदी येतो. ‘सक्रिय ग्राहक’ कुणाला म्हणायचं? सहा महिन्यांत एकदा खरेदी केलेल्याला की दर महिन्याला येणाऱ्याला? व्याख्या ढकलली की धंदा कागदावर वाढतो.

आणि कधी मोजलं? मुंबईची पहिली पद्धतशीर शिरगणती १८६४ ची. तेव्हा माणसं निघाली ८,१६,५६२. पुढची १८७२ ची, ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं गेली कुठे? १८६४ साल अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं. तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, त्यामुळे शहर पोटासाठी आलेल्यांनी फुगलं होतं. युद्ध संपलं, फुगा फुटला. पुढे १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. पुन्हा घट. १८९६ पासून प्लेग चालू होता, पुष्कळ माणसं गावाला पळालेली होती आणि शिरगणती नेमकी त्याच दिवसांत झाली. नगरपालिकेने १९०६ मध्ये स्वतंत्र मोजणी केली तेव्हा ९,७७,८२२ निघाले. १९०१ आणि १९०६ चे नुसते दोन आकडे घेऊन ‘पाच वर्षांत २६ टक्के वाढ’ असा आलेख काढणारा विद्यार्थी गणितात पास होईल, पण समजुतीत नापास. आजच्या धंद्यातही हेच. गणपतीच्या दिवसांतल्या विक्रीची तुलना पितृपंधरवड्याशी करून ‘विक्री कोसळली’ असा अहवाल पाठवणारे लोक मोठमोठ्या कंपन्यांत बसलेले असतात.

आता हात घालायला काहीतरी पाहिजे. माझा सल्ला: वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचे जुने अहवाल मागून घ्या. गिरगावात सार्वजनिक गणपती १८९३ पासून आहे, त्यामुळे जुने कागद पुष्कळ कपाटांत पडलेले असतात. अहवालाच्या मागच्या पानांवर जमाखर्च आणि वर्गणीदारांची यादी असते. दहा वर्षांचे अहवाल घेऊन ते एक्सेलमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये भरा. रकाने ठरवा: साल, नाव, खोली, रक्कम, रोख की ऑनलाइन. एका ओळीत एकच नोंद. हा नियम मोडायचा मोह होईल, मोडू नका.

पहिल्याच संध्याकाळी कळेल की खरी माहिती किती विस्कटलेली असते. कुणी गिरगाव लिहिलंय, कुणी गिरगांव. पिनकोड कुणाचा ४००००२, कुणाचा ४००००४. एकच जोशी एका वर्षी ‘जोशी, दुसरा मजला’, दुसऱ्या वर्षी ‘श्री. जोशी व परिवार’ आणि तिसऱ्या वर्षी मुलाच्या नावाने. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे वर्गणीदार. रकमेच्या रकान्यात कुणीतरी ‘५०१/-’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या तिरप्या रेघेमुळे बेरीज चुकते. बरीचशी मेहनत हे नीटनेटकं करण्यात जाते. डेटाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसून मान डोलावेल. जे कोर्स तयार, धुतलेल्या फाइलवर सराव करून घेतात, ते हाच भाग शिकवत नाहीत.

साफसफाई झाली की प्रश्न विचारा. वर्गणीदार कमी झाले की वर्गणी? खर्चातला सर्वांत मोठा वाटा कशाचा: मूर्ती, मंडप, ध्वनी, प्रसाद? स्मरणिकेतल्या जाहिरातींवर मंडळ किती टेकलंय? एका मोठ्या देणगीदाराने हात आखडला तर काय होईल? फिल्टर, क्रमवारी आणि पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता) एवढ्या तीन गोष्टी आल्या की ही उत्तरं निघतात. रकमा वर्षावर्षांच्या सरळ जोडू नका. वीस वर्षांपूर्वीचे ५०१ रुपये आणि आजचे ५०१ रुपये यांत महागाईची दरी आहे. हेही लक्षात ठेवा की ही माणसांची नावं आणि रकमा आहेत. यादी व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही. निष्कर्ष सांगताना नावं काढून टाका. दुसऱ्याची माहिती जपणं हा या कौशल्याचाच भाग आहे. तयार झालेलं दोन पानी टिपण कार्यकारिणीपुढे मांडा. खजिनदारकाका दोन चुका काढतील, त्या दुरुस्त करा. मुलाखतीत सांगण्यासारखं हे काम आहे. प्रमाणपत्रांच्या प्लास्टिक फाइलपेक्षा तर नक्कीच.

नोकऱ्यांबद्दल बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ‘डेटा सायंटिस्ट’ एवढीच पाटी असते. ती जागा थोड्यांना मिळते, आणि मिळायला गणित पक्कं लागतं. पण आकडे वाचता येणं उपयोगी पडतं ते त्याहून कितीतरी जास्त ठिकाणी. बँक भरतीच्या परीक्षांत तक्ते-आलेखांवरचे प्रश्न ठरलेले असतात. लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरातही दहावीच्या पातळीचं आकडेवारीचं आकलन असतं. संख्याशास्त्र घेऊन पदवी झाली असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशी पदं असतात. रिझर्व्ह बँकेत या कामाचा स्वतंत्र विभाग आहे. गणितात खरोखर रस असेल तर विमागणिताची, म्हणजे अॅक्चुअरीची वाट आहे. ती लांबलचक आणि चिकाटीची आहे, पण त्या तयारीची माणसं कमी असल्याने मोल मोठं.

आरोग्याकडे वळायचं असेल तर मुंबईसारखी जागा नाही. देवनारची लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था १९५६ सालची आहे. देशभरचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथून चालतं आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिथे आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केलेली कर्करोगाची नोंदणी ही लोकसंख्येवर आधारलेली भारतातली पहिली. कुठल्या भागात कुठला कर्करोग वाढतोय हे तिच्यामुळे सांगता येतं. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्तचाचण्यांचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत १६ टक्क्यांत. सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली असती तर साथ कुणाच्या दारात किती पोचली हे दिसलंच नसतं. अशा ठिकाणी नर्स, समाजकार्याचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ या सगळ्यांनाच तक्ता वाचता यावा लागतो.

नोकरी सोडा, घरातही हे लागतं. ठाकूरद्वारच्या आसपास अर्ध्या वाड्यांत पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. विकासकाचं सादरीकरण बघताना घरातल्या बारावीच्या मुलीला पुढे बसवा. क्षेत्रफळ चटई की बांधकामाचं? भाडं किती महिन्यांचं आणि किती वाढीने? याच विकासकाचे आधीचे प्रकल्प वेळेत झाले का? हे शेवटचं महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

शिकायचं कुठे आणि किती पैशांत? आठवी ते दहावीत पुस्तकातलं सांख्यिकीचं प्रकरण हाताने, आलेखाच्या कागदावर करा. बारावीपर्यंत स्प्रेडशीट नीट यायला हवी. एमएस-सीआयटी अर्ध्या महाराष्ट्राने केलेलं असतं. त्यातलं एक्सेल प्रमाणपत्र हातात आलं की पुसलं जातं, तेवढं पुन्हा उजळा. पदवीच्या काळात, शाखा कुठलीही असो, एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा शिका, मग पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषा. दोन्ही फुकट आहेत. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरायची. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जेईई न देता करता येतो. त्याची स्वतःची पात्रता-फेरी असते आणि अभ्यास कसून करावा लागतो. लाखभर रुपये भरून ‘हमखास नोकरी’ देणाऱ्या क्लासचा करार वाचल्याशिवाय सही करू नका. ‘हमखास’ची व्याख्या शेवटच्या पानावर असते. ‘घरबसल्या डेटा एंट्री, आधी अनामत भरा’ ही जाहिरात तर डेटाची नव्हेच, सरळ फसवणुकीची आहे.

एआयने आता आलेख क्षणात मिळतो, फॉर्म्युलाही तो लिहून देतो. वापरा. मात्र १५७ आणि ६९ चौरस किलोमीटर हा फरक त्याला आपणहून खटकेलच असं नाही. तुम्हाला खटकतो, कारण तुम्ही फणसवाडीतून रोज चालत जाता.

सरावासाठी माहिती हवी असेल तर महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडली जाते. ती मराठीतही निघते आणि संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. जनगणनेचे तक्ते खुले आहेत. आणि २०११ नंतर रखडलेली जनगणना आता होते आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला की त्याला चहा विचारा, आणि घरात खरोखर किती माणसं राहतात, मातृभाषा कोणती, डोंबिवलीला गेलेला मुलगा इथे धरायचा की तिथे, हे नीट विचारून खरं सांगा. पुढची दहा-पंधरा वर्षं गिरगावच्या शाळा, पाणी आणि बस यांचा हिशेब त्याच उत्तरांवर होणार आहे.